दोन गवसण्या

बायबलला कोपरे असतात. एवढी साधी गोष्ट, पण विनेल ट्यूटनच्या बोटांना ती कळली मनाटी किंगडम या करमणूक उद्यानाच्या दारातल्या रांगेत, ऊन डोक्यावर आलेलं असताना आणि पुढे जेमतेम साठ माणसं उरलेली असताना. रुमाल काढायला म्हणून तिने पर्समध्ये हात घातला होता. मानेवरून घामाचा एक ओघळ पाठीकडे निघाला होता, तो वाटेतच अडवावा एवढाच तिचा मनसुबा. रुमाल लागला नाही. लागली ती निळ्या कापडाची गवसणी, मॅग्नोलियाच्या फुलांची, कडेने चेन लावलेली, तिने स्वतः शिवलेली. आणि आत जिथे पुस्तकाचा कोपरा बोटाला टोचायला हवा होता, तिथे काहीतरी गोल आणि भरीव होतं. बोटं थबकली. मग मालकिणीला न विचारता ती त्या गोलाईवरून खाली उतरली, आखूड नळीपर्यंत जाऊन आली आणि गप्प बसली. ओघळ एव्हाना कंबरेला पोचला होता. म्हणजे तशाच दुसऱ्या गवसणीतलं बायबल गाडीत होतं, सीटखालच्या पोलादी पेटीत, कुलूपबंद. आणि पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर इथे, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या खांद्याला लटकून, मनाटीच्या राज्यात शिरायला निघालं होतं.

तिने हात बाहेर काढला आणि उगाच रुमाल सापडल्यासारखा कपाळावरून फिरवला. पुढे गारलंड उभा होता, तिचा एकुलता एक मुलगा. पाठ रुंद, मान उन्हाने विटेसारखी झालेली. पोक काउंटीत जिथे जिथे विहीर आहे तिथे तिथे त्याने बसवलेला पंप आहे. त्याचा हात धरून टॅन्सी, त्याची धाकटी, आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नऊ वर्षांची झालेली. तिच्या डोक्यावर मनाटी या पाणगाईच्या थोबाडाची करडी टोपी होती, मिश्यांसकट. टॅन्सीची आई आज इस्पितळात कामावर, म्हणून मीमॉला, म्हणजे आजीला, बरोबर घेतलं होतं. निदान गारलंड तसं म्हणाला होता. खरं म्हणजे तो तिला दिवसभर नजरेखाली ठेवायला घेऊन आला होता, आणि तिलाही ते ठाऊक होतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या घराण्यात गोष्टी अशाच राहतात. झाकलेलं ते झाकलेलं.

"मीमॉ, तू पांढरी पडलीस," टॅन्सी मागे वळून म्हणाली.

"तुझ्या बापाने सकाळी अंडी कच्ची ठेवली होती."

"ममा, अंडी तू केलीस," गारलंड न वळता म्हणाला. "आठवतंय ना?"

आठवतंय ना. गेल्या थँक्सगिव्हिंगपासून हे दोन शब्द त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला बांधलेले असत. त्या दिवशी टर्कीचा मोठा घास तिच्या तोंडात असताना त्याने सुरुवात केली होती. आधी दोन गोष्टी झाल्या होत्या. एकदा चुलीवर मक्याच्या कण्या, ग्रिट्स, तशाच राहून पातेलं काळं पडलं. एकदा ती शनिवारीच चर्चला गेली. गेलीच आहे तर म्हणून तिने चर्चमागचं गवत काढलं, पाणी प्याली आणि परत आली, कुणाचं काय बिघडलं. पण गारलंडने बोटांवर मोजलं होतं. ममा, तिसरी वेळ आली की तू आमच्याकडे, गॅरेजवरच्या खोलीत. खोली छान आहे, पंखा आहे. आणि ते पिस्तूल माझ्या तिजोरीत. कबूल? तोंडात टर्की असलेल्या माणसाने मान हलवली तर तो चावत असतो. गारलंडने त्याला होकार धरलं. तेव्हापासून ती तिसऱ्या वेळेशी लपाछपी खेळत आली होती, चुली दोनदा बघत, वार तीनदा मोजत. आणि आता तिसरी वेळ तिच्या पर्समध्ये येऊन बसली होती.

रांग दोऱ्यांमधून नागमोडी जात होती, त्यामुळे तेच ते चेहरे पुन्हा पुन्हा समोरून येत. ओहायोकडचं एक जोडपं, सारख्याच पिवळ्या शर्टातलं, तिला चौथ्यांदा भेटलं आणि चौथ्यांदा म्हणालं, "काय ऊन आहे." ती चौथ्यांदा म्हणाली, "हा तर नुसता मार्च आहे, राजांनो." त्या दोघांच्या डोक्यावरून तिला टोकाचा फलक दिसत होता. फलकावर मनाटीचंच चित्र, कॅप्टनची टोपी घातलेलं, एक पर पुढे करून थांबा म्हणणारं. खाली लिहिलं होतं की शस्त्र जवळ असेल तर पिवळ्या पट्टीच्या अलीकडे सांगा, आम्ही परत पाठवू. पट्टीच्या पलीकडे सापडलं तर जन्मभर प्रवेश बंद आणि पुढचं शेरीफ बघेल. जन्मभर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी जन्मभराची धमकी म्हणजे निम्म्या किमतीचा माल, तिला हसू आलं असतं. पण पट्टीपलीकडे सापडलं तर टॅन्सीचा वाढदिवस शेरीफच्या माणसाच्या सावलीत जाणार होता. आणि अलीकडे सांगितलं तरी गारलंडची तिसरी वेळ भरणार होती. काही न बोलता बाहेर पडावं, पोट बिघडलं म्हणावं, तर गाडीची किल्ली त्याच्याकडे. कचऱ्याच्या डब्यात टाकावं, तर जिथे पोरं आइसक्रीमचे कागद टाकतात तिथे भरलेलं रिव्हॉल्वर टाकणारी बाई ती नव्हती. तसं करायच्या आधी तिने स्वतःच शेरीफच्या गाडीत जाऊन पट्टा बांधून घेतला असता. रांग दोन पावलं सरकली. तीही सरकली. पर्सचा पट्टा खांद्यात रुतायला लागला होता. मघापर्यंत नव्हता रुतत. माहीत झालं की वस्तूचं वजन वाढतं.

कधी झालं हे? ती स्वतःला तपासायला लागली, दारावरच्या माणसांपेक्षा कडक. आपणच चुकीची गवसणी दिली होती का गारलंडच्या हातात, न बघता? तसंच असेल तर गारलंडचं बरोबर आहे. तसंच असेल तर डोक्यात खरोखरच कुठेतरी कसर लागली आहे, आणि गॅरेजवरच्या खोलीत बसून पंख्याकडे बघत राहण्यात शहाणपण आहे. ही शंका हत्यारापेक्षा जड होती. ती सकाळकडे पाऊल पाऊल मागे गेली. वाहनतळ, भाग खेकडा, ओळ चौदा. त्या जागी पूर्वी व्हॅलेन्शिया संत्र्यांची बाग होती. तिथली संत्री तिने पॅकिंग हाउसच्या फिरत्या पट्ट्यावर बावीस वर्षं निवडली होती, डागाळलेली डावीकडे, चांगली उजवीकडे. आता डांबराखाली तीच वाळू होती आणि वर हजारो गाड्या, आणि खरं सांगायचं तर त्या गाड्यांच्या पोटात पेट्यांमधून जेवढी हत्यारं त्या सकाळी निजली होती, तेवढ्यात एखाद्या लहान देशाचं सरकार उलथलं असतं आणि दुपारच्या जेवणाला माणसं घरी पोचली असती. प्रत्येक पिकअपपाशी तोच सोहळा. पुरुष दाराकडे तोंड करून उभे राहतात, शर्ट थोडा वर जातो, हात सीटखाली जातो. बायका पर्स मांडीवर घेतात. कुणी कुणाकडे बघत नाही, जसं कुणी कुणाकडे कपडे बदलताना बघत नाही. आणि कुणी दुसऱ्याची गवसणी उघडत नाही. खांबाखांबावर कॅमेरे असतात, कायद्याने हत्यार झाकूनच बाळगायचं, आणि बाहेर दिसलं की ते झाकलेलं राहत नाही. बंद देतात, बंद घेतात, बंद ठेवतात.

गारलंडने आधी आपलं ठेवलं. मग म्हणाला, "ममा, तुझं." इथपर्यंत स्वच्छ आठवत होतं. त्याची पाठ आठवत होती. कुलूप फिरल्याचा आवाज आठवत होता. मधलं मात्र कोरं. मधे काय करत होते मी? तिने डोळे मिटले तर डोळ्यांना काही सापडेना. सापडलं ते नाकाला. नारळाचा वास. उन्हाचं मलम. टॅन्सीचे कान. पोर गाडीच्या पायरीवर बसून हात झाडत होती, कानाला गुदगुल्या होतात म्हणून, आणि विनेल तिच्यासमोर वाकून कानाच्या पाळीमागे मलम चोळत होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते. दोन्ही हात. तिने डोळे उघडले आणि आपली बोटं बघितली. नखांच्या कडेला अजून मलम होतं. मग पर्समधली गवसणी तिने दोन बोटांनी कडेने वर ओढून बघितली. निळं कापड कोरडं, फुलं स्वच्छ, चेनच्या पट्टीवर एक डाग नाही. त्या हातांनी तिने काहीही कुणाला दिलेलं नव्हतं. पर्स सीटवर उघडी होती. तिच्यात हात घातला होता तो गारलंडने, विचारल्यावाचून. दोन सारख्या गवसण्या दिसल्यावर "कुठली, ममा?" एवढं म्हणायलाही तो थांबला नव्हता, कारण आईला विचारून काय उपयोग, तिला कुठे आठवतंय.

तिच्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं, पाठीच्या मणक्यापाशी. ओहायोचं जोडपं पाचव्यांदा समोर आलं. "काय ऊन आहे," बाई म्हणाली. "आता बरं वाटतंय," विनेल म्हणाली, आणि बाईने नवऱ्याकडे बघितलं.

गारलंडच्या पाठीवर थाप मारून सांगावं, असं तिच्या मनात आलं. बघ, तिसरी वेळ तुझी. पण तो काय म्हणेल हेही तिला पाठ होतं. दोन्ही सारख्या शिवल्यास तूच ना, ममा? बायबलला आणि पिस्तुलाला एकच कापड, कोण शहाणं माणूस असं करतं? चूक मुलाने केली तरी ती आईच्या नावावर चढवायची सोय असतेच. आणि त्याचं उत्तर तिला देता आलं नसतं. म्हणजे आलं असतं. पंचेचाळीस वर्षं तिने ते दिलं नव्हतं.

बाप्टिस्ट चर्चच्या बायकांनी त्या वर्षी बायबलच्या गवसण्या शिवायच्या ठरवल्या होत्या. सगळ्यांनी एकेक शिवली. विनेलने त्याच पडद्याच्या कापडातून दोन शिवल्या, आणि दुसऱ्या गवसणीत काय जाणार हे तेव्हा फक्त दोघींना माहीत होतं, तिला आणि ओपलला. ओपल पट्ट्यावर तिच्या शेजारी उभी राहायची. विनेलचं मनगट दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा विनेल म्हणाली होती, शिडीवरून पडले. पॅकिंग हाउसमध्ये शिडी नसते. शिडी बागेत असते, तोडणाऱ्यांकडे. पट्ट्यावरच्या अकराच्या अकरा बायकांना हे ठाऊक होतं, आणि अकराही जणींनी खाली मान घालून संत्री निवडली. फक्त ओपल, मशीनच्या खडखडाटात, तिच्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या भावाचं दुकान आहे बार्टोला. शनिवारी उघडं असतं. तो बायकांना फार प्रश्न विचारत नाही." बस. दोन शनिवार विनेलने विचार केला आणि तिसऱ्या शनिवारी ती बार्टोला गेली.

घरात ते ठेवायचं कुठे हा प्रश्न तिला पडलाच नाही. डॉयल ट्यूटन, तिचा नवरा, चार गावांत एकाच वस्तूला चुकूनही हात लावत नसे, ती म्हणजे बायबल. पिठाच्या डब्यात हात घालायचा, तिच्या कपाटात घालायचा, गादीखाली घालायचा. पण स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या त्या निळ्या गवसण्यांकडे तो असा बघायचा की जणू तिथून कर वसूल करणारा उतरणार आहे. दोन कशाला, असं त्याने एकदा विचारलं. एक जुना करार, एक नवा, ती म्हणाली. तो म्हणाला, दोन्ही माझ्यापासून लांब ठेव. तिने ठेवले. हाताच्या टप्प्यात, पण लांब.

मग एक रविवार. सहा वर्षांचा गारलंड आजीकडे जेवायला गेला होता. दुपारचा एक वाजला असेल, खिडकीतून ऊन टेबलावर चौकोनी पडलेलं, आणि घरी भाजलेली, पावासारखी मऊ असायची ती बिस्किटं कडक झाली होती. एवढंच कारण. डॉयलने ते बिस्किट टेबलावर आपटून दाखवलं, टक टक, आणि खुर्ची मागे सरकवली. खुर्ची सरकल्याचा तो आवाज तिला मरेपर्यंत ओळखता आला असता. त्या आवाजानंतर पाचवा श्वास घेईपर्यंत काहीतरी मोडायचं. ती फळीपाशी गेली. गवसणी खाली घेतली. डॉयल हसायला लागला, खरंच हसला, कंबरेचा पट्टा सोडता सोडता. "वाच वाच," तो म्हणाला. "कुठलं वचन काढतेस?" तिने चेन उघडली. चेन अर्ध्यावर अडकली, नवी होती, आणि त्या अडकलेल्या क्षणात तिला वाटलं की आपण उभ्या उभ्या संपलो. मग ती सुटली. तिने ते टेबलावर ठेवलं, बिस्किटांच्या ताटाशेजारी, हात त्याच्यावर, नळी त्याच्याकडे. "पाच वचनं आहेत, डॉयल," ती म्हणाली. "कितवं वाचू?"

डॉयल बसला. पट्टा पुन्हा अडकवला. ते दगडासारखं बिस्किट त्याने उचललं, त्याला लोणी लावलं आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. त्यानंतर तो चौतीस वर्षं जगला आणि त्याने हात उचलला तो फक्त टोपी काढायला. गेला तेव्हा पाद्री शवपेटीपाशी उभा राहून म्हणाला की डॉयल ट्यूटनइतका मवाळ माणूस या भागाने बघितला नाही. पहिल्या बाकावर विनेल काळ्या टोपीखाली बसली होती, आणि मांडीवर निळी गवसणी. कुठली ते कुणी विचारलं नाही.

तो बिस्किटांचा रविवार झाला त्याच महिन्यात डॉयलच्या भावाला ते हत्यार दिसलं होतं, आणि नवऱ्याला काहीतरी सांगणं भाग पडलं. तेव्हा मगर जन्माला आली. मगर मागच्या ओट्यावर आली होती, विनेल धुणं वाळत घालत होती, आणि मी देवदूतासारखा बंदूक घेऊन पोचलो, डॉयल म्हणाला. पण प्रत्येक वेळी मी थोडाच असणार, म्हणून बायकोला तिचं स्वतःचं घेऊन दिलं. पहिल्या खेपेला मगर आठ फुटांची होती. डॉयल चांगला सांगणारा होता, हे त्याच्या शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं. दर तीन-चार नाताळांनी मगर फूटभर वाढायची. एका वर्षी तिला एक डोळा नव्हता. एका वर्षी तिच्या पोटात शेजाऱ्यांचं कुत्रं होतं, आणि शेजारी कुत्र्यासकट समोर बसून ऐकत होते. डॉयल मेला तेव्हा मगर सतरा फुटांची होती आणि गारलंडला ती तोंडपाठ होती. त्याने ती टॅन्सीला दिली. आणि विनेलने एकदाही, एका शब्दानेही, मगरीला हात लावला नाही. माणूस सुधारला होता. सुधारलेल्या माणसाच्या अब्रूला पांघरूण लागतं, ते तिने घातलं, स्वतःच्या अंगावरचं काढून. त्या घराची सगळी शांतता त्या पांघरुणाखाली होती.

पण आता तिचा मुलगा तिच्या पर्समध्ये न विचारता हात घालत होता. ती पुन्हा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. बापाची पाठ. अगदी तीच, खांदे उतरते, मानेच्या खाली घडी. गारलंडने जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. तिने तसा वाढवलाच होता. तो तिचं भलंच बघत होता. पण भलं बघणाऱ्याचा आवाजही खुर्ची सरकल्यासारखा येऊ शकतो, हे तिला त्या रांगेत, त्या नारळाच्या वासात, पहिल्यांदा स्पष्ट कळलं. खोली, पंखा, तिजोरी. माझ्या तिजोरीत, तो म्हणाला होता. विसरले तर विसरले, ती मनाशी म्हणाली. पातेली करपतील. वारही चुकतील, आणखी चुकतील. विसरणाऱ्या बाईचं घरही तिचंच असतं.

दोन माणसं उरली. मग एक. गारलंड आणि टॅन्सी पट्टी ओलांडून धातू शोधणाऱ्या चौकटीतून गेले. चौकट काही बोलली नाही. टॅन्सीने पलीकडून हात हलवला. मिश्या हलल्या.

टेबलामागे एक ठेंगणी, गुबगुबीत गालांची बाई होती. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव नोएमी, आणि खाली गाव, केगुआस. "या मॅम, बॅग इथे ठेवा. चेन उघडून."

"ठेवत नाही. आधी माझे पाय बघ."

"काय झालं पायांना?"

"पिवळ्या पट्टीच्या अलीकडे आहेत ना?"

नोएमीने टेबलावरून वाकून बघितलं. "आहेत."

"मग ऐक. या पर्समध्ये निळी गवसणी आहे. गवसणीत रिव्हॉल्वर आहे, पाच गोळ्या भरलेलं. गाडीत राहायचं ते इथे आलं. मी हात लावत नाही, तूही लावू नको. ज्याला बोलवायचं त्याला बोलाव."

नोएमी आपल्या भाषेत देवाच्या आईला काहीतरी पुटपुटली आणि तिने टेबलाखालचं बटण दाबलं. मग हळूच म्हणाली, "आजी, रोज एखादं तरी सापडतं. सगळे पट्टीपलीकडे जाऊन म्हणतात, अगबाई, हे कुठून आलं. अलीकडे सांगणाऱ्या तुम्ही या महिन्यातल्या पहिल्या."

शेरीफचा माणूस आला. क्रूज नावाचा, पन्नाशीचा, पोट पट्ट्यावर उतरलेलं, काय घडलंय ते चालता चालताच कळलेला. मागची रांग एक पाऊल मागे सरली. ओहायोचं जोडपं चार पावलं सरलं. गारलंड पलीकडून परत आला, टॅन्सीला ओढत, आणि क्रूजच्या हातात ती गवसणी बघून त्याचा चेहरा उतरला. आणि लगेच, उतरलेल्या चेहऱ्यावर, काळजीचा तो दुसरा चेहरा चढला.

"साहेब, ही माझी आई," तो म्हणाला. "वय झालंय. विसरते हल्ली. चूक आमची, आम्हीच लक्ष ठेवायला हवं होतं. आजपासून ते माझ्याकडे राहील, शब्द देतो."

"तुमच्या आईने नियम पाळलाय," क्रूज म्हणाला. "मला शब्द कशाला देता?"

"गारलंड," विनेल म्हणाली. "सकाळी पेटीत काय ठेवलंस?"

"तुझं ठेवलं."

"मी दिलं तुझ्या हातात?"

ती त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि तिला तिथे ती सकाळ आत शिरताना दिसली, उघडी पर्स, मलम लावणारी आई. त्याची मान आणखी लाल झाली. "दोन्ही एकसारख्या आहेत, ममा. कुणीही चुकेल. पिस्तुलाला कुणी बायबलची गवसणी शिवतं का? बाबांनी तुला जिवाच्या भीतीने घेऊन दिलेली वस्तू, आणि तू ती अशी..."

"त्याने घेऊन दिलेली नाही."

"बरं, ममा. नंतर बोलू."

"आत्ता. हे मी घेतलं. बार्टोला, शनिवारी, पट्ट्यावरच्या पगारातून. गवसण्या सारख्या शिवल्या त्या त्याला कळू नये म्हणून. तुझ्या बापाला."

"कशाला कळू नये?" गारलंड म्हणाला. आणि मग त्याचा आवाज लहान झाला, सहा वर्षांच्या मुलाचा. "मगर आली होती ना ओट्यावर."

"मगर नव्हती."

नोएमीने टेबलावरच्या रिकाम्या ट्रेकडे बघितलं. क्रूजने गवसणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गारलंडची नजर आईच्या डाव्या मनगटावर गेली, जिथे हाड जरा वाकडं बसलं होतं. लहानपणापासून त्याने ते वाकडंच बघितलं होतं, आणि त्याला वाटायचं की आयांची मनगटं तशीच असतात.

"ममा, टॅन्सी ऐकतेय."

"ऐकू दे. नऊ वर्षांची झालीय. मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मला तीन शनिवार लागले नसते." ती टॅन्सीकडे वळली नाही, वळली असती तर आवाज ढळला असता, आणि आवाज तिला अजून हवा होता. "त्याने नंतर कधी हात उचलला नाही. चौतीस वर्षं. ते त्याचंही श्रेय आहे, ते मी त्याच्याकडून काढून घेत नाही. पण माझं मला दे. आणि गॅरेजवरची ती खोली दुसऱ्या कुणाला दे. मी येत नाही. तिसऱ्या वेळेला नाही, आणि तिसाव्या वेळेलाही नाही. ज्या दिवशी मला घर सापडणार नाही, त्या दिवशी मला घरापाशी नेऊन सोडायचं, तुझ्या नाही. माझ्या."

गारलंडने टॅन्सीची टोपी उगाच सरळ केली.

"मॅम," क्रूज घसा साफ करून म्हणाला. "मी गाडीपर्यंत येतो तुमच्यासोबत. इकडे बाजूला दार आहे, कर्मचाऱ्यांचं. तिथून गेलो तर कुणाला दिसणार नाही."

विनेलने त्या दाराकडे बघितलं. करडं, भिंतीच्याच रंगाचं, झुडपांमागे. तिथून गेलं की कुणी विचारणार नाही, आणि उद्यापर्यंत काही झालंच नव्हतं असं होईल. तिला तसली दारं चांगली ओळखीची होती.

"तुम्ही यायचं तर या," ती म्हणाली. "मी आले त्या वाटेने जाणार. दोऱ्यांमधून."

"ती सगळी रांग उलटी तुडवावी लागेल."

"हो."

तिने गारलंडपुढे हात केला. किल्ली त्याच्या खिशातून निघायला वेळ लागला. खिसा तोच, हात तोच, पण बोटं परक्याची झाली होती. शेवटी ती तिच्या तळव्यावर पडली, त्याच्या घामाने ओली.

"थांबू का आम्ही?" त्याने विचारलं. असं त्याने तिला गेल्या थँक्सगिव्हिंगपासून काही विचारलं नव्हतं.

"तासभर लागेल. गाडीत ठेवेन, तू चुकून ठेवलेलं बायबल आणेन आणि पुन्हा शेवटून रांगेत उभी राहीन, सगळ्यांसारखी. पोरीचा वाढदिवस आहे, तो काही माझ्यामुळे बुडायचा नाही. तुला थांबायचं तर थांब."

ती वळली. पहिल्या वळणावर माणसांनी दोऱ्यांना पाठ लावून तिला जागा दिली, दुसऱ्या वळणावर आपोआप दिली. क्रूज मागून येत होता, गवसणी काखेत धरून, प्रार्थनेला निघालेल्या माणसासारखा. विनेल मान वर करून चालत होती, फार हळू, कारण गुडघा दुखत होता आणि घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं. ज्याला बघायचं होतं त्याला तिने बघू दिलं.